मी वाट्यात नाही

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला दोन्ही मुलं म्हसवडला आली. थोरला साताऱ्यात कारखान्यात कामाला, धाकटा सांगलीजवळ माधवनगरला. जेवणं उरकल्यावर चुलत दिराला मध्ये बसवून त्यांनी विषय काढला, की आईला आता एकटीला ठेवायचं नाही.

कुणाकडे किती दिवस, यावर बराच वेळ गेला. शेवटी दिरानं आमची जुनी रीत काढली. भाऊ वेगळे निघाले की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे वाट्यात लबाडी होत नाही. थोरल्यानं वर्षाचे दोन वाटे केले, पाडवा ते दसरा आणि दसरा ते पाडवा. धाकट्यानं दुसरा उचलला.

मी म्हणाले, साताऱ्याचा पाऊस मला सोसत नाही, पावसाळा माधवनगरला द्या.

"बघा, वहिनीलाबी पटलं," दीर म्हणाला.

तिथं मी थबकले. मला काहीच पटलं नव्हतं. पण महिन्यांवर घासाघीस केली म्हणजे जायला मी तयार आहे, असं माझ्याच तोंडून कबूल होऊन गेलं होतं. सासरे गेल्यावर याच रीतीनं आम्ही मेंढरं वाटली होती. तेव्हाही मेंढरांना कुणी विचारलं नव्हतं. ते बरोबरच होतं, ती मेंढरं होती.

मी म्हणाले, "भावजी, वाटे चोख झाले. पन मी वाट्यात कवा आले? हे घर माझं हाय. मी हितंच ऱ्हानार."

धाकटी सून म्हणाली, "आत्या, एकट्या असताना काय झालं म्हंजे?"

"तुमी दोघं कामावर गेल्यावर तिथंबी मी एकटीच. फकस्त कुलूप तुमचं."

थोरला चिडला. लोक आमच्या तोंडात शेण घालतील, म्हणाला. इतका वेळ काळजीच्या पदराखाली झाकलेलं कारण बाहेर आलं, ते बरं झालं. लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हटलं नाही. पण ती त्याची भीती होती, आणि ती घालवायला घर मी सोडायचं, हे कुणी ठरवलं?

दीर समजुतीनं म्हणाला, की बाईमाणसानं म्हातारपणी मुलांच्या आसऱ्याला असावं. तो स्वतः माझ्याहून थोरला. बायको जाऊन किती वर्षं झाली, मुलं पुण्यात, हा आपल्या घरात एकटा भाकरी थापून खातो.

"आनि तुमचे वाटे कुनी केले, भावजी?" मी विचारलं.

तो तंबाखू मळत बसला.

संध्याकाळच्या एसटीनं सगळी गेली. आत जाऊन बघते तर माझी लुगडी एका नव्या पिशवीत घडी घालून भरलेली. बैठक बसायच्या आधीच कुणीतरी भरली असणार. लुगडी काढून मी पुन्हा ट्रंकेत ठेवली.

थोरला अजून फोनवर तुटक बोलतो. बोलू दे. मी फोन उचलते, खुशाली सांगते आणि माझ्या कामाला लागते.