तीसपैकी चोवीस

इंडोनेशियातल्या पायाकुंबुह गावच्या बाजारात त्या वर्षी बायका मिरच्या निवडता निवडता कुजबुजत होत्या: इस्लामी शाळेतल्या गणिताच्या रोस्मानियार बाई नमाज पढत नाहीत म्हणे! हेडमास्तरांनी लेखी पुरावा पाहिलाय.

बातमी पसरवण्यात माझाही हात होता. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो, आणि कॉफीच्या टपरीवर तोंड बंद ठेवणं मला कधी जमलं नाही.

आमचे हेडमास्तर दारमावी सर उत्साही माणूस. प्रत्येक तासात धर्म आला पाहिजे, असा त्यांचा हुकूम. भूगोलवाल्याने ज्वालामुखीत नरक दाखवला, मी खजुराची झाडं काढून सुटलो. रोस बाई मात्र पोरांना एवढंच सांगायच्या, "गणित चुकलं तर शेजाऱ्याचं उतरवू नका. चुकलं, असं लिहा. अल्लाला सगळं दिसतं, मला नाही दिसलं तरी."

मग सरांनी शीलवही काढली. दिवसाचे पाचही नमाज झाले की त्या दिवसाच्या रकान्यात खूण करायची. मुलांच्या आधी शिक्षकांनी महिनाभर भरून दाखवायची. कायम नोकरीची जागा एकच होती, ती भरलेल्या वहीलाच मिळणार होती. रोस बाई नऊ वर्षं कंत्राटावर. नवरा वारलेला, घरी दोन पोरी.

महिनाअखेरीस सरांनी सगळ्यांसमोर वह्या उघडल्या. माझे तीसपैकी तीस; त्यातले वीस मी आदल्या दिवशी चहा पिता पिता भरले होते. विज्ञानाच्या तरुण युलियानिस बाई, तीसपैकी तीस. रोस बाई, चोवीस.

"सहा दिवस कोरे? लाज नाही वाटत, बाई?"

"नाही, सर."

"अजून वेळ आहे. हा घ्या पेन."

"खोटं लिहू? तेही शीलवहीत?"

"मग कारण तरी सांगा!"

"घरी जाऊन तुमच्या बाईसाहेबांना विचारा, सर."

युलियानिस बाई एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. सर म्हणाले, "वर तोंड करून बोलता?" आणि जागा युलियानिस बाईंना दिली, वर शीलाबद्दल प्रशस्तिपत्रक.

सरांनी घरी विचारलं असावं. कारण दुसऱ्याच दिवशी शीलवह्या गुपचूप कपाटात गेल्या. नेमणूक मात्र तशीच राहिली.

ते सहा दिवस रोस बाईंची पाळी होती. पाळीत बाईने नमाज पढायचा नसतो, असा आमच्या धर्माचा नियम आहे.