भाऊजींचा ताप

माझ्या मोठ्या दिरांवरचा राग मी अजून सोडलेला नाही आणि सोडायचा विचारही नाही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा करणार नाही.

त्या वर्षी पाऊस संपता संपता हैदराबादेत फ्लूची साथ आली. आमचे डॉक्टर गौलीगुड्यात, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसतात. आमच्या घरचे तेच आणि दिरांच्या घरचेही तेच. साथ सुरू झाल्यावर त्यांनी तापाच्या पेशंटना बाहेर गॅलरीत बसवायला सुरुवात केली, बाकीच्यांना आत. उगाच अँटिबायोटिक मागणाऱ्यांना ते सरळ हात जोडायचे. सांगणं सगळ्यांना एकच, ज्याच्या त्याच्या भाषेत. माझ्यापुढच्या बाईंना म्हणाले, "पाच दिन घर में इच बैठो अम्मा, बाहर नक्को." आणि मला, "गोळी घेऊन उतरलेला ताप उतरला असं धरू नका. गोळीशिवाय अख्खा दिवस गेला पाहिजे, मगच माणसांत यायचं. आणि तुमच्या आईला जपा, त्यांना दमा आहे."

माझी आई आमच्याकडेच असते, विद्यानगरला. त्या रविवारी तिला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून मी घरच्या घरी जेवण ठेवलं होतं. भाऊजी आले. डोळे लाल, आवाज बसलेला. मी विचारलं तर म्हणाले, "एसीत झोपलो, दुसरं काही नाही." मग आईच्या पाया पडले, स्वतःच्या हातानं तिला पेढा भरवला आणि दोन तास तिच्या शेजारी बसून गप्पा मारल्या. आई खूश होती.

मंगळवारी तिला ताप चढला. डॉक्टर घरी आले, छाती तपासली, वय आणि दमा बघून लगेच फ्लूचं औषध सुरू केलं आणि मला बजावलं, "श्वास भरभर चालला किंवा ओठ निळे दिसले तर मला फोन करत बसू नका. थेट हॉस्पिटल." गुरुवारी दुपारी तेच झालं. नऊ दिवस ती हॉस्पिटलात होती.

तिथल्या बाकावर बसलेली असताना जाऊबाईंचा फोन आला. चौकशी झाली, आणि मग बोलता बोलता हसून म्हणाल्या, "अगं, ह्यांनाही शुक्रवारी डॉक्टरांनी घरीच बसायला सांगितलं होतं. पण पुरणपोळी म्हटल्यावर हे कसले थांबतात! दोन गोळ्या घेतल्या आणि निघाले."

मी फोन ठेवला. मला आठवतंय, मी रडले नाही. मनात एवढंच आलं, याची परतफेड मी करणार.

आई घरी आली, पण पहिली आई आली नाही. दर गुरुवारी बसनं एकटी सुलतान बाजारात जाऊन जुनी पुस्तकं चाळणारी बाई आता न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये खुर्चीवर टेकते. भाऊजी भेटायला आले तेव्हा म्हणाले, "वय झालं की चालायचंच." माफीचा शब्द नाही.

वर्ष उलटून गेलं. पुतणीचा, भाऊजींच्या लेकीचा, साखरपुडा ठरला. मुलाकडचे पुण्याचे, नोकरीनिमित्त इथं आलेले. सकाळी साडेदहाला मी हॉलच्या मागच्या खोलीत ओटीचं सामान घ्यायला गेले, तर भाऊजी पाठमोरे उभे राहून गोळ्या गिळत होते. चेहरा तापानं फुललेला. मला बघून म्हणाले, "दोन तासांचा तर प्रश्न आहे. कुणाजवळ बोलू नकोस."

मी बोलले नाही. ओटीचं ताट घेऊन बाहेर आले आणि वाट बघत बसले.

पाहुणे आले. मुलाच्या आजीला दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. सगळे जमले, फोटोवाला सरसावला, आणि भाऊजी पेढा घेऊन आजींच्या पायाशी वाकले. तेव्हा मी हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊजी, आजींपासून लांब व्हा. तुम्हाला ताप आहे. मघाशी दोन गोळ्या घेतल्यात, मी पाहिलंय."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. त्या क्षणीचा त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. डॉक्टर निमंत्रितांत होते. ते उठून आले, मनगट धरलं, कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाले, "आत जाऊन बसा. मास्क लावा." लेकीच्या बोटात अंगठी गेली ती भाऊजींनी बंद खोलीत, फोनच्या पडद्यावर पाहिली. पुतणी नंतर माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "काकू, मला आधी कानात सांगता आलं असतं ना?"

पुढच्या आठवड्यात आईचं औषध आणायला गेले तेव्हा डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "गोळ्या घेताना किती वाजता पाहिलंत?"

"साडेदहाला."

"आणि बोललात?"

"सव्वाअकरा झाले असतील."

"त्या पाऊण तासात ते सगळ्यांच्या गळ्यात पडत होते. लहान पोरांना उचलून घेत होते. त्यांतली एक मुलगी काल माझ्या गॅलरीत बसली होती. बरी होईल." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला तर नियम तोंडपाठ होता."

मी कागद घेतला आणि मुलगी कुणाची ते विचारलं. घरी येऊन त्या मुलीच्या आईला फोन केला आणि भाऊजींना ताप आहे हे मला आधीच माहीत होतं, ते सांगून टाकलं. तिनं फोन कापला. ती मुलगी चार दिवसांत खेळायला लागली, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

त्या मुलीबद्दल मला लाज वाटते, अजून वाटते. भाऊजींबद्दल नाही. ते आता आमच्याकडे येत नाहीत, आणि आई विचारते तेव्हा मी सांगते, कामात असतील.