डे पैलिंगची चाळीस घरं

माझी आत्या वोब्बिना डेव्हेंटर या डच गावात बायकांची कॉर्सेटं शिवायची. कंबर आवळणारे ते पट्टे मापाचेच लागतात, म्हणून टेप आणि टाचण्या घेऊन ती घरोघर फिरे. लग्न केलं नव्हतं. जीभ मात्र दोन नवऱ्यांना पुरून उरेल अशी. जर्मनांनी देश घेतला त्याच्या तिसऱ्या वर्षी तिच्या पेटीत कॉर्सेटांखाली आणखी एक माल आला. 'डे पैलिंग', म्हणजे पाण्याचा ठाव घेणं. दर आठवड्याला चोरून छापलेलं चार पानी बातमीपत्र. शिपाई पेटी उघडत, वरचे कपडे पाहून कानकोंडे होत आणि झाकण लावत.

तिच्याकडे चाळीस घरं होती, सगळी तोंडपाठ. अंक आणून देणारे हुल्सहॉफ मास्तर मात्र विसराळू. त्यांनी ती नावं शाळेच्या हजेरीपटात मुलांच्या नावांखाली लिहून ठेवली.

"मास्तर, कागदावर नको हो," आत्या म्हणाली होती.

"अगं, उद्या तुला ट्रामने उडवलं तर वाचक मी कुठे शोधू?"

"आपल्या गावात ट्राम आहे का?"

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी अकरा वाजता शाळेची झाडूवाली धावत आली. भर वर्गातून मास्तरांना उचललं होतं. हजेरीपटही नेला.

अडतीस मुलांच्या वर्गात अठ्ठ्याहत्तर नावं. कुणीतरी मोजेपर्यंतच अवधी होता. संध्याकाळी आठनंतर रस्त्यावर दिसेल त्याला गोळी. आत्याने सायकल काढली. रबर मिळत नव्हतं, चाकांना लाकडी धावा होत्या. दगडी रस्त्यावर त्या अशा खडखडत की सगळी गल्ली खिडकीत यायची. दारात उभी राहून ती एवढंच म्हणे, "जुनी मापं जाळून टाका. आजच." लोक समजत.

चार वाजेपर्यंत सव्वीस घरं झाली. सत्ताविसावं औषधवाल्या डिकर्सचं. स्वयंपाकघरात त्यांच्या टेबलाशी एक पोलीस कोको पीत बसलेला. आपलाच, डच, पण टोपी जर्मनांची.

"काय बाई, कुठे निघालात?"

"डिकर्सबाईंचं माप घ्यायचंय."

त्याने काडीसारख्या डिकर्सबाईंकडे पाहिलं. "हिला कॉर्सेट? आवळणार काय?"

"पाठ धरलीय हो माझी," डिकर्सबाई म्हणाल्या.

"मग घ्या की माप. मी तोंड फिरवतो."

तो वळला, पण खुर्ची काही सोडेना. आत्या टेप लावून गुडघ्यावर बसली. "छाती एकोणऐंशी," ती मोठ्याने म्हणाली, आणि त्याच श्वासात हळूच, "मास्तर गेले. चुलीत घाला." डिकर्सबाईंनी मान डोलावली. चूल पोलिसाच्या पाठीशीच होती.

माप झालं, तरी तो आत्याला जाऊ देईना. बायकोसाठी कॉर्सेट हवं, कापड कुठलं, ते ताठ ठेवणारं हाड कसलं, किती दिवस लागतील. घड्याळात पाच वाजले. साडेपाच झाले. शेवटी आत्या उठली. "हवालदार, तुमच्या बायकोची कंबर मला इथून दिसत नाही. गुरुवारी येते."

तो हसला, आणि तिला वाट दिली.

आठच्या ठोक्याला एकच घर उरलं. कालव्याच्या दारांवर राखणीला असलेला वेसेलिंक, गावाबाहेर तीन किलोमीटर. आत्या घरी वळली. पहाटे बंदी उठताच निघाली, तेव्हा कालव्याच्या वळणावर तिला जर्मनांची मोटार दिसली. वेसेलिंकला तीत कोंबत होते; अंगात नुसता सदरा होता, पायांत काही नव्हतं. आत्याने सायकल थांबवली नाही. थांबली असती तर तीही गेली असती, हे तिला कळत होतं; पण त्या कळण्याने मन शांत झालं नाही.

मास्तरांनी तिचं नाव घेतलं नाही. मास्तर आणि वेसेलिंक, दोघेही परतले नाहीत.

लढाई संपली आणि डे पैलिंग उजेडात आलं. चांगला कागद, छायाचित्रं, वर्गणी. आत्या वेसेलिंकबाईंकडे पहिला अंक घेऊन गेली. त्यांनी दार उघडून नुसतं पाहिलं. "त्याने वाचलं म्हणून तो गेला," म्हणाल्या, आणि दार लावलं.

पुढे हातची निसटलेली वसाहत परत घ्यायला इंडोनेशियात आपली फौज गेली. तिथे आपलीच माणसं गावं जाळताहेत, असं डे पैलिंगने छापलं. गावातल्या निम्म्या वर्गण्या बंद झाल्या. पाववाल्याने तर "देशद्रोही" म्हणून आत्याला पाव देणं थांबवलं.

त्या हिवाळ्यात वेसेलिंकबाई स्वतः तिच्या दारात आल्या. डोक्याला रुमाल, हातात पत्र.

"माझा रूलोफ फौजेबरोबर तिकडे जावा बेटावर आहे. लिहितो, हवा छान आहे, आई. चार महिने नुसती हवा." त्या आत आल्या नाहीत. "तुझ्या कागदात खरं असतं का गं?"

"असतं बहुतेक."

"मग दे."

"त्या दिवशी मी तुमच्याकडे आधी यायला हवं होतं," आत्या म्हणाली. पाच वर्षं हे सांगायचं राहिलं होतं.

"हवं होतंस," वेसेलिंकबाई म्हणाल्या, आणि अंक घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. त्यानंतर दर आठवड्याला.

रूलोफ दोन वर्षांनी परतला. कुणाशी बोलेना. आईने साठवलेला अंकांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. तीन दिवस तो स्वयंपाकघरात बसून वाचत राहिला. चौथ्या दिवशी त्याने एका पानावर बोट ठेवलं. "आई, या गावात मी होतो," म्हणाला, आणि सांगू लागला.