आक्कानं ‘येऊ दे’ म्हटल्याशिवाय

"आक्का, पाठवू?" असं ओरडल्याशिवाय आमच्या ऑफिसात कुणी कागद छापत नसे. आतल्या खोलीतून "येऊ दे रं" आलं की मगच बटण दाबायचं. नवखे पक्षकार दचकून आत डोकावायचे.

निपाणीत आमचं दस्त लिहून देण्याचं ऑफिस. बाहेर तीन टेबलं, आत पद्माक्का. सकाळी जैन बस्तीत देवाचं दर्शन घेऊन यायची ती थेट खुर्चीत. प्रिंटर तिच्या कॉम्प्युटरला जोडलेला. आमचे कागद वायफायवरून तिच्याकडे जाऊन तिथं छापले जात. सगळ्यांच्या पडद्यावर मी त्या प्रिंटरचं नाव ‘आक्का’ असंच ठेवलं होतं. "मी काय मशीन हाय व्हय रं?" म्हणून ती चिडली, पण नाव काही बदलू दिलं नाही.

हाकेचा नियम तिचाच. एकदा सदलग्याच्या दोन भावांच्या वाटणीपत्रात भलत्याच खरेदीखताचं पान मिसळलं. वाटणीत नसलेलं शेत कागदावर बघून भाऊ एकमेकांच्या अंगावर धावले. आक्का स्वतः बसनं जाऊन ते पान घेऊन आली. त्यांना कन्नडात झापलं, आम्हाला मराठीत. "माणसं कागदावर इश्वास ठेवत्यात रं. हाक मारल्याबिगर एक पान सोडायचं न्हाय!"

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. बेळगावच्या दवाखान्यात, बघता बघता. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं, तर सगळ्यांच्या पडद्यावर ‘आक्का ऑफलाईन’. तिचा कॉम्प्युटर चालू केल्याशिवाय काम अडलेलं, आणि आत जायला कुणी धजेना. शेवटी मी गेलो. खुर्चीच्या पाठीवर तिची शाल तशीच होती.

हाक मात्र सुटली नाही. "आक्का, पाठवू?" म्हणायचं, जरा थांबायचं, मग बटण दाबायचं. त्या थांबण्यात आतल्या पंख्याची कुरकुर ऐकू यायची. मालक आप्पा वैतागले. "येड लागलंय तुम्हास्नी! नवा प्रिंटर बाहेर ठेवू. ती खोली मोकळी करा." नवा खोका आलाही. सोमवारी आक्काचा कॉम्प्युटर भंगारात जायचा होता. माझा जीव तुटत होता, पण आप्पांना सांगणार काय?

शनिवारी भर दुपारी वीज गेली आणि आली. मी आतला कॉम्प्युटर चालू करून जागेवर आलो. समोर एक म्हातारी लेकीच्या नावे घर करून देण्याच्या कागदासाठी खोळंबली होती.

"आक्का, पाठवू?"

"थांब रं."

बोट तसंच राहिलं. भास झाला असेल म्हणून बटण दाबणार, तोच शेजारची रेखा पांढरीफटक पडून म्हणाली, "आत कोण बाई हायत? थांब म्हणाल्या की." रेखा कडोलीची, नुकतीच लागलेली. तिनं आक्काला कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही आत गेलो. खुर्ची रिकामी. वीज जाण्याआधी आप्पांनी पाठवलेलं कुणाचं तरी खरेदीखत प्रिंटरमधून एकेक पान बाहेर पडत होतं. मी बटण दाबलं असतं तर म्हातारीच्या घराची पानं त्याच गठ्ठ्यात जाऊन बसली असती.

मागं दारात आप्पा उभे होते. रेखाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. शेवटचं पान पडेपर्यंत ते थांबले. मग आपले कागद उचलले, शालीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आक्का, माझं झालं. येऊ दे आता ह्याचं."

सोमवारी नवा प्रिंटर त्यांनी स्वतःच परत नेऊन दिला.