साडूच्या दुकानातल्या रबरी टोप्या

बांद्याच्या माझ्या साडूने मला फसवले. तो लोकांना सांगत फिरतो ते खोटे आहे.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि अस्सल विलायती माल तिथूनच येई. लॉरीवरचा क्लीनर म्हणून सुरुवात करून मी एक जुनी विलायती मोटार स्वतःची केली होती. मालवणात ती भाड्याने चाले. तिच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांवर रबरी टोप्या असत. टोपी ग्रीस आत धरते आणि धूळ बाहेर ठेवते. ती फाटली की आमच्या रस्त्यांची तांबडी माती आत शिरून लोखंड खाते.

धाकट्या बहिणीचे लग्न वैशाखात ठरले तेव्हा सगळ्या टोप्या चिरल्या होत्या. आई बैलगाडीतून सासरी आली होती, बहीण मात्र माझ्या मोटारीतून जाणार, असे मी बाजारभर सांगून बसलो होतो. संक्रांत झाल्यावर बायकोला घेऊन बांद्याला साडूच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो.

"थेट गोंयासून ईलेलो माल रे! हात लावन बघ, लोणी!" तो म्हणाला.

नवे रबर मी आधी ऑइलमध्ये बुडवून ठेवत असे. जुन्या टायरच्या ट्यूबमधून कापलेले नकली असले तर ते फुगते, अस्सल जसेच्या तसे राहते. फुगले की मी ते दुकानदाराच्या अंगावर फेकी. भाव करताना तर मासळीबाजारातल्या बायकाही माझ्यापुढे हात टेकत.

"एक टोपी घराक न्हेवन बघतंय," मी म्हणालो.

बायको कानाशी कुजबुजली, "माझ्या भयणीच्या घोवाचो माल तुम्ही बुडवून बघतलात? लोक काय म्हणतले?"

मी सगळ्या टोप्या बांधून घेतल्या. त्याने सांगितलेला भाव मुकाट्याने दिला. आयुष्यात पहिल्यांदाच.

लग्नाच्या दिवशी, नवऱ्यामुलाच्या गावाअलीकडच्या चढावर, पुढचे डावे चाक आत मुडपले आणि मोटार बसली. मी खाली वाकलो. टोपी फुगून फाटली होती, सांधा मातीने भरला होता. वरचे काळे पॉलिश गेले होते आणि खाली जुन्या ट्यूबच्या ठिगळाची खूण दिसत होती.

बहीण शालू वर धरून धुळीतून चालत गेली. मी मागून, हातात जॅकचा दांडा. उंबऱ्यावर सासूने तिचे तांबडे पाय पाहिले. मला मान वर करता आली नाही.

साडू वऱ्हाडात होताच. पंगतीत मोठ्याने म्हणाला, "भाव पाडून पाडून घेतलेलो माल. मगे चाक पडतला नाय तर काय!"

पंगत हसली. मी पानावरून उठलो आणि त्याची गचांडी धरली. "भाव केलोच नाय मी!" असे ओरडलो, तर लोक आणखीच हसले. मी, आणि भाव केला नाही? कोण विश्वास ठेवणार?

बहिणीला नातवंडे झाली, तरी त्या गावात ती अजून 'चलत ईलेली'च आहे. तिने मला कधी एका शब्दाने विचारले नाही. म्हणूनच तिच्या अंगणात पाय ठेवायची मला लाज वाटते.

साडू, तू अजून दुकानाच्या बाकावर बसतोस. त्या पंगतीतली जी माणसे उरली आहेत, त्यांच्यासमोर, बहिणीच्या दारात ये. ती ट्यूब कोणी कापली आणि मी भाव पाडला होता का, ते तिला तुझ्या तोंडाने सांग.