चिठ्ठी कंडक्टरकडे दिली होती

हल्ली विक्रीचं काम करणाऱ्या पोरींचा मोबाइलवर गट असतो. मीटिंगची वेळ बदलली की एक बोट दाबायचं, शंभरजणींना कळतं, आणि कुणी वाचलं त्याच्या निळ्या खुणाही उमटतात. मला त्या खुणांचा राग येतो. उगीच येतो, मला माहीत आहे, पण येतो.

आम्ही दारोदार क्रीम-पावडर विकणाऱ्या बायका. कंपनी आम्हाला सौंदर्य सल्लागार म्हणायची, तळेगावात लोक मला पावडरवाली म्हणायचे. माझ्या हाताखाली अकराजणी होत्या आणि माझ्या घरात फोन नव्हता. शेजारच्या काकूंचा नंबर सगळ्यांना पीपी म्हणून दिलेला. पुण्याच्या मॅडमचा फोन आला की काकू खिडकीतून ओरडायच्या, "अगं ए, तुझी कंपनी आली!" मी कणकेच्या हातांनी धावायचे. काकूंना वर्षभर कोल्ड क्रीम फुकट होतं, तरी तोंड वाकडंच.

पुढचे निरोप माझ्याकडे. नवलाख उंबरे गावच्या बाईचा दीर तळेगावात कारखान्यात पाळीला यायचा, त्याच्या डब्याच्या पिशवीत चिठ्ठी. लोणावळ्याच्या दोघींसाठी एका किराणा दुकानात फोन. कामशेतला पोस्टकार्ड. आणि आंदर मावळातल्या एकीला मुक्कामी एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी. ती फाट्यावर येऊन गाडीची वाट बघत उभी असायची. चिठ्ठी थेट तिच्याच हातात पडायची.

तिच्याबद्दलच सांगायचंय. चौथी शिकलेली, काटक, हसताना पदर तोंडाला लावणारी. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बायकांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, पाय टेकवत नाही. कंपनीचं पायाचं क्रीम त्यावर लागू पडतं हे तिने स्वतःच्या पायावर बघितलं आणि बांधाबांधाने हिंडून विकलं. आम्ही शहाण्या लिपस्टिकच्या छटा पाठ करत बसलो होतो! तिच्या गावात मोजक्या बायकांना वाचता यायचं. ती माझी चिठ्ठी फाट्यावरच उभी राहून मोठ्याने वाचायची, कंडक्टर डबल बेल द्यायचा थांबायचा. "ताई, तुमचं अक्षर लय गिचमिडं, पर म्या वाचते," असं म्हणायची.

त्या तिमाहीत ती आमच्यात पहिली आली. लोणावळ्याच्या हॉलमध्ये रविवारी सत्कार ठरला. पण तिच्या नवऱ्याला तिचं हिंडणं खुपत होतं. कसली कंपनी, कुठली मीटिंग, बाई जाते कुठे? शेवटी त्याने सांगितलं, "एक डाव सोत्ता येऊन बगतो. खरं असंल तर कर. न्हाईतर बॅग चुलीत." ती मला हे सांगताना हसत होती. "येऊ द्या की ताई. बगू द्या डोळ्यांनी."

बुधवारी काकूंच्या खिडकीतून हाक आली. रविवारी हॉलवर लग्न होतं, मीटिंग शनिवारी घेतली होती. मी सगळ्यांचे निरोप लावले. तिची चिठ्ठीही लिहिली, मोठ्या अक्षरात लिहिली. स्टँडवर पोचले तर गाडी निघून गेलेली. म्हटलं, उद्या देऊ. गुरुवारी नणंद आली मुलाबाळांसह, शुक्रवारी त्यांना पोचवायला गेले. बस्स. एवढंच झालं. कुणी मेलं नाही, कुठे पूर आला नाही. मी विसरले.

शनिवारी हॉलमध्ये तिचं नाव पुकारलं आणि कुणी उठलं नाही, तेव्हा मला आठवलं. पर्स उघडली. चिठ्ठी आत होती. मॅडमनी बक्षिसाचा डब्यांचा सेट माझ्याकडे दिला, वर म्हणाल्या, "तिला पोचवाल ना?"

रविवारी सकाळची गाडी धरून लोणावळ्याला गेले. वाटभर मनात घोकत होते, माझं चुकलं, चिठ्ठी द्यायची राहिली, हिचा काही दोष नाही. घोकून घोकून पाठ झालं होतं.

हॉलबाहेर मांडव होता, बँड वाजत होता. फाटकाशी ती तिघं उभी होती. ती, नवरा आणि सासू. तिने हिरवं काठाचं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीचा गजरा. नवऱ्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. काळोखात घर सोडून, चालत, मग एसटी, मग रेल्वे करून आली होती. लग्नाची माणसं येता-जाता त्यांना विचारत होती, "मुलाकडचे की मुलीकडचे?"

नवऱ्याने मला बघितलं. "बाई, कुटंय तुमची मीटिंग?"

आणि माझ्या तोंडून, कर्म माझं, निघालं, "काल झाली. मी चिठ्ठी पाठवली होती की. कंडक्टरकडे दिली होती."

का म्हणाले? घाबरले म्हणावं, तर तो आवाजही चढवत नव्हता. मला चांगलं दिसायचं होतं. एवढ्या लांबून आलेल्या माणसांपुढे मला गबाळी दिसायचं नव्हतं, दुसरं काही नाही. जळली मेली माझी अब्रू!

तो तिच्याकडे वळला. "चिट्टी आलती?"

तिने माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी आली नव्हती, तिला माहीत होतं. ती रोज फाट्यावर जाऊन गाडी बघत होती. मी खोटं बोलतेय हे त्या फाटकाशी फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. मी डब्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

"व्हय, आलती," ती म्हणाली. "मलाच नीट वाचता न्हाई आली. शनवार का रैवार, माजंच चुकलं."

कंपनी खोटी ठरू नये म्हणून म्हणाली असेल. नाहीतर मला वाचवायला. मला आजही कळलेलं नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. सासू म्हणाली, "सादं वाचाया येत न्हाई आन् निगाली कंपनीत." नवरा नुसता हसला. तिला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी मध्ये पडले असते असं मी मनाला सांगत आले आहे. काही पडले नसते. मी पिशवी पुढे केली, सासूने घेतली, आणि तिघं स्टेशनकडे चालू लागली. ती सगळ्यात मागे होती. तिने वळून बघितलं नाही.

मी पोस्टकार्ड टाकलं नाही. ते घरात कुणीही वाचलं असतं. तिच्या गावालाही गेले नाही. आज जाते, उद्या जाते म्हणत आठवडा घालवला. मग संध्याकाळच्या गाडीला स्टँडवर गेले, हातात नवी चिठ्ठी घेऊन. तिच्यात सगळं खरं लिहिलं होतं. कंडक्टरने मला बघून सीटखालून तिची सॅम्पलची बॅग काढली. एकेक बाटली फडक्यात गुंडाळलेली, एकही कमी नव्हती.

मी चिठ्ठी पुढे केली, तशी त्याने हात मागे घेतला.

"वहिनी, त्या बाईंनी सांगितलंय, चिठ्ठी आणू नका म्हणून. म्हणाल्या, हितं वाचनारं कुनी न्हाई."

मी "बरं" म्हणाले. त्याने डबल बेल दिली आणि गाडी निघाली.