सरपंचांचं घड्याळ

लग्नाचे फोटो परत कोण बघतं? किस्से मात्र घरोघरचे डबे जमवून होणाऱ्या दर पॉटलकला निघतात आणि एखादा वाढूनच घरी जातो. रेवाच्या लग्नाचं तसंच झालंय. आता पोट धरून हसतो, पण तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता! रेवा म्हणजे आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या मराठी ग्रुपमधल्या सुलभाकाकूंची धाकटी. नवरा लुक फ्रान्समधल्या एवढ्याशा खेड्यातला. त्याचे वडील पियेर तिथले मेयर, म्हणजे आपले सरपंच!

* * *

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर काकूंनी ऐकवलं, "आमच्या गावचं देऊळ तीनशे वर्षांचं आहे!"

"आमचं चर्चही नवीनच," पियेर म्हणाले. "जुनं जळालं, म्हणून हे सातशे वर्षांपूर्वी बांधलं."



* * *

त्या चर्चचं घड्याळ युद्धात बिघडलं, तेव्हापासून वीस मिनिटं मागे. बेकरी, शाळा, सगळं गाव त्यावरच चालतं. एकदा शहरातून माणूस आणून ते नीट केलं, तर बेकरी वीस मिनिटं लवकर उघडायला लागली आणि जुन्या सवयीनं येणाऱ्या गावकऱ्यांच्या आधी वाटसरूच पाव संपवायला लागले!

"शेवटी मी शिडीवर चढून ते परत मागे केलं," पियेर म्हणाले. "त्याच वर्षी निवडून आलो."

* * *

पियेर लग्नाला आले तेव्हा एअरपोर्टवरच त्यांनी मनगटावरचं घड्याळ नऊ तास मागे घेतलं. गावची वीस मिनिटं मात्र तशीच!

मी म्हटलं, "काका, फोनवर करेक्ट टाइम असतो."

"असेल. पण मी मेयर आहे ना!"

* * *

काकूंचा सगळा जीव मुहूर्तात. थोरलीचं लग्न घाईघाईत कोर्टात झालं आणि मोडलं. कारणं वेगळीच होती, पण मुहूर्त न बघितल्यामुळेच मोडलं, असं काकूंच्या मनानं घेतलं होतं.

रेवाचा मुहूर्त अकरा बावन्नचा. आणि गुरुजी सनीव्हेलहून येताना फ्रीवेवर अडकले! बावन्न झाले, पंचावन्न झाले. अंतरपाट धरून मामांचे हात भरून आले. काकू रडायलाच लागल्या. रेवा "आई, इट्स ओके" म्हणत होती, पण डोळे तिचेही भरलेले.

बारा वाजून पाच मिनिटांनी गुरुजी धापा टाकत आले.

"गेला हो मुहूर्त!" काकू म्हणाल्या.

लुकनं वडिलांना सगळं समजावून सांगितलं. पियेर पुढे झाले, बाही वर केली आणि मनगट गुरुजींच्या नाकासमोर धरलं.

"मुलगा आमच्या गावचा. आमच्या घड्याळात पावणेबाराच झालेत!"

गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं आणि उपरण्यानं घाम पुसला.

"ताई, अजून सात मिनिटं आहेत. आधी मला पाणी द्या!"